राख कुठे जाणार, ते आधी सांगा

गेल्या महिन्यात आमच्या नगरपंचायतीच्या सभागृहात कचरा जाळायच्या भट्टीवरून तीन तास भांडण झालं. भट्टी विकायला आलेल्या माणसानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला: निळं आभाळ, चकचकीत चिमणी आणि चिमणीच्या तोंडाशी काहीच नाही. "पहा, धूर दिसून राहिला का कुठं? हजार डिग्रीत सगळं भस्म." त्यावर भट्टीला विरोध करणारा एक तरुण उठला आणि म्हणाला, ही भट्टी आली तर दहा वर्षांत घरटी एक कॅन्सरचा पेशंट निघेल. कशावरून, ते त्याला सांगता आलं नाही. आवाज मात्र मोठा होता. मग एकानं दिल्लीतल्या ओखल्याच्या, कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उदाहरण दिलं, दुसऱ्यानं स्वीडनचं. दोन्ही बाजू चिमणीकडेच बघत होत्या. शेवटी मागच्या खुर्चीवरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "अन् राख कुठी जाईन जी? वावरात टाकता येईन का?" लोक हसले. विकणारा हसला नाही. "एक नंबर खत आहे काका," तो म्हणाला, आणि बैठक चहाकडे वळली.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्या क्षणी गप्प बसलो. म्हणून आता लिहितो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: कचऱ्याच्या भट्टीला माझा सरसकट विरोध नाही, पण जो माणूस राखेचा पत्ता सांगू शकत नाही त्याला चिमणी उभारायची परवानगी देऊ नये. आणि भट्टीत काय जाणार नाही याचीही हमी हवी, कारण धातूंच्या बाबतीत सगळा खेळ भट्टीच्या आधी आणि भट्टीच्या नंतर आहे. मधली आग त्यात फारसं काही करू शकत नाही.

कारण साधं आहे, सातवीच्या पोरालाही कळेल. लाकूड जळतं, कागद जळतो, प्लास्टिक जळतं. त्यांचे रेणू तुटतात आणि त्यांचा वायू होतो. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. आग त्यांना आणखी तोडू शकत नाही. भट्टीत एक किलो शिसं गेलं तर तेवढंच शिसं बाहेर येणार. प्रश्न फक्त कुठल्या दारानं, एवढाच: चिमणीतून, गाळणीत अडकलेल्या बारीक राखेतून, की जाळीखाली पडलेल्या जाड राखेतून. "भस्म" हा शब्द आपल्या कानाला पवित्र लागतो. कपाळाला लावायच्या वस्तूला आपण घाबरत नाही. इथे मात्र भस्म म्हणजे मूळच्या कचऱ्यातले धातू आटवून, घट्ट करून ठेवलेला माल आहे.

आता त्या हजार डिग्रीचं बघा. विकणाऱ्यानं ही गोष्ट गुण म्हणून सांगितली, आणि डायऑक्सिनसारख्या विषारी सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत तो खरंच गुण आहे. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही दुसऱ्या ज्वलनकक्षात किमान ९५० अंश तापमान आणि वायूला दोन सेकंदांचा मुक्काम मागितला होता, तो त्यासाठीच. पण धातूंच्या बाबतीत तीच उष्णता उलटते. पारा ३५७ अंशांना उकळतो, कॅडमियम ७६७ ला. हजार अंशांच्या भट्टीत हे दोन्ही वाफ होऊन वर जाणार, त्यांना खाली राहायला जागाच नाही. शिसं तसं जड, ते १७४९ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणजे खाली राखेत बसायला हवं. पण कचऱ्यात पीव्हीसीच्या वायरी, पाइपांचे तुकडे, जुन्या चपला असतात. त्यांतला क्लोरिन शिशाला भेटला की लेड क्लोराइड होतं आणि ते साडेनऊशे अंशांच्या आसपासच उडतं. म्हणजे भट्टी जितकी जोरात पेटवाल तितका धातू वर. वर गेलेली वाफ थंड होताना उडत्या राखेच्या सगळ्यात बारीक कणांवर जाऊन बसते, आणि हेच कण नाकातले केस आणि घशातला कफ चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. व्हिडिओतलं निळं आभाळ पाहून मला हेच आठवलं.

पारा त्याहून चिवट. बाकीचे धातू दीडशे-दोनशे अंशांपर्यंत वायू थंड केला की कणांवर गोठतात आणि कापडी पिशव्यांच्या गाळणीत, ज्याला बॅग फिल्टर म्हणतात, बऱ्यापैकी सापडतात. पारा तेवढ्या थंडाव्यातही वाफच राहतो. त्याला धरायला वायूत सक्रिय कोळशाची भुकटी सोडावी लागते, रोज, न चुकता, आणि ती विकत आणावी लागते. क्लोरिनशी जुळलेला पारा पाण्यात विरघळतो, तो पाण्याच्या फवाऱ्यात उतरतो. सुटा पारा पाण्याला दादच देत नाही. आमच्या सभागृहात ज्या भट्टीचं कौतुक चाललं होतं तिच्या पत्रकात प्रदूषण नियंत्रण म्हणून फक्त "वॉटर स्क्रबर", म्हणजे हा पाण्याचा फवारा, लिहिलं होतं. पत्रक अजून माझ्या टेबलावर आहे. कोळशाचा उल्लेख त्यात कुठेच नाही, पिशव्यांचाही नाही.

हा पारा किती असतो, असं कुणी विचारेल. वहीच्या मागच्या पानावर हिशेब करू. एक टन कचरा जाळला की साधारण साडेपाच हजार घनमीटर वायू निघतो. २०१६ च्या नियमांनी पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम ठेवली होती. म्हणजे एका टनामागे पावणेतीनशे मिलिग्रॅम पाऱ्याची मुभा. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. अर्धाच धरा, पाचशे मिलिग्रॅम. कोळशाची भुकटी नसेल तर एका टनात गेलेला एक फुटका थर्मामीटर त्या टनाच्या धुराला मर्यादेच्या जवळपास दुप्पट नेऊन ठेवतो. आणि जुन्या पाऱ्याच्या बीपी मशीनमध्ये काही ग्रॅम नव्हे, चांगला पन्नाससाठ ग्रॅमच्या वर पारा असतो. डिजिटल यंत्रं आली हे खरं, पण बंद पडलेल्या दवाखान्यांच्या कपाटांत, शाळांच्या प्रयोगशाळांत ही जुनी मंडळी पडून आहेत, आणि एक दिवस साफसफाई होते.

मर्यादांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. कॅडमियम आणि थॅलियम मिळून ०.०५, पारा ०.०५, आणि शिसं, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल वगैरे नऊ धातू मिळून ०.५ मिलिग्रॅम: हे २०१६ च्या नियमांतले आपले आकडे युरोपच्या २००० सालच्या निर्देशातल्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात. कागदावर आपण त्या वेळच्या युरोपच्या बरोबरीनं बसलो. हवा मिसळून धूर पातळ करता येऊ नये म्हणून ऑक्सिजन ११ टक्के धरून हिशेब करायची अटही होती. पण मोजणार कोण आणि कधी? चिमणीवर बसवलेलं यंत्र चोवीस तास धूळ, कार्बन मोनॉक्साइड, तापमान असलं काही सांगू शकतं. शिसं आणि कॅडमियम मोजायला माणसाला नळी, गाळणकागद घेऊन चिमणीवर चढावं लागतं, वायूच्याच वेगानं नमुना ओढावा लागतो आणि तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. वर्षातून मोजक्या दिवशी. त्या दिवशी भट्टीत काय टाकलं होतं, हे कुठल्या अहवालात लिहिलेलं असतं? वार्षिक तपासणीच्या दिवशी शाळेतली मुलं किती स्वच्छ गणवेशात येतात ते मी तीस वर्षं पाहिलं आहे. दवाखान्यांच्या कचऱ्याची कथा आणखी वेगळी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत भट्टीच्या धुरासाठी धातूंपैकी एकट्या पाऱ्याची मर्यादा घातली आहे. शिसं आणि कॅडमियम त्या यादीतच नाहीत. जे यादीत नाही ते कुणी मोजत नाही, आणि जे मोजलं नाही ते "आढळून आलं नाही".

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते बरंच आहे.

पहिलं आणि सगळ्यात जोरदार: कचरा आजही जळतोच आहे. आमच्या गावाबाहेर पांदणीच्या कडेला जो ढीग आहे तो दिवाळीपासून होळीपर्यंत धुमसतो. थंडीत पहाटे हवा खाली दबलेली असते, धूर वर जातच नाही, पऱ्हाटीच्या उंचीवर पसरून गावात शिरतो आणि शाळेला निघालेली पोरं त्याला धुकं समजतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार दंड करा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच सांगितलं. आमच्याकडे तो दंड कुणी भरल्याचं मी तरी ऐकलं नाही. ढीग नगरपंचायतीचा, ती स्वतःला दंड करणार कशी? या रोजच्या धुराबद्दल विरोधकांनी आजवर एक निवेदन दिलेलं नाही आणि न आलेल्या भट्टीवर मात्र मोर्चा निघतो. हा आरोप मला लागतो, कारण खरा आहे.

पण यावरून "मग भट्टी बरी" असा निष्कर्ष निघतो का? डायऑक्सिनपुरता निघेल, कारण धुमसता ढीग त्याचा कारखानाच असतो. धातूंपुरता तसाच्या तसा निघत नाही. ढिगाची आग मंद, ओली, अर्धवट. त्यात शिशाचा बराचसा भाग उडण्याइतका तापतच नाही, राखेत आणि मातीत राहतो. तेही वाईटच, पण एका जागी वाईट. बिनगाळणीची जोरदार भट्टी तोच धातू मातीतून उचलून श्वासात मावेल इतका बारीक करते आणि तीस मीटर उंचीवरून वाटते. दोन वाईटांतून एक निवडा असं सांगणारा तिसरा पर्याय लपवत असतो. ढीग पेटू न देणं, ओला कचरा खड्ड्यात कुजवणं, याला भट्टी लागत नाही. आपल्या आज्यांनी उकिरड्यावर हेच केलं. फरक एवढाच की त्यांच्या उकिरड्यात सेल आणि शाम्पूच्या पुड्या नव्हत्या.

दुसरं: तंत्रज्ञान चालतं. हो, चालतं. अमेरिकेत शहरी कचऱ्याच्या मोठ्या भट्ट्यांमधून निघणारा पारा १९९० ते २००५ या काळात ९० टक्क्यांहून जास्त घटला. जो म्हणतो की भट्टी सुरक्षित करताच येत नाही, त्याला या आकड्याचं उत्तर द्यावं लागेल. पण आकडा कशामुळे पडला ते पूर्ण वाचा. कोळशाची भुकटी आणि पिशव्यांची गाळणी सक्तीची झाली, हे एक. आणि १९९६ मध्ये तिथे बॅटऱ्यांमधला पारा काढून टाकायला लावणारा कायदा झाला, हे दुसरं. म्हणजे अर्धी लढाई चिमणीवर झालीच नाही, ती सेल बनवणाऱ्याच्या दारात झाली. भट्टी विकणारा स्वीडनचं नाव घेतो तेव्हा तो आपल्याला स्वीडनची चिमणी दाखवतो. त्या चिमणीच्या मागे गाळणीचे मजले असतात, आणि अशा प्रकल्पात आगीपेक्षा धूर धुण्याचाच व्याप मोठा असतो. आमच्या नगरपंचायतीकडे घंटागाडीच्या डिझेलचं बिल तीन महिने थकलेलं असतं. ती रोज सक्रिय कोळसा विकत घेईल?

आणि आता त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण सभागृहातला एकमेव शहाणा प्रश्न तोच होता. गाळणी चांगली असेल तर तिनं पकडलेला धातू कुठे जातो? गाळणीखालच्या राखेत. गाळणी जितकी उत्तम, राख तितकी विषारी. धातू हवेतून काढून पोत्यात भरणं एवढंच आपण केलेलं असतं. टनभर कचऱ्यामागे ही उडती राख वीस-तीस किलो भरते, आणि त्या थोड्या राखेत कॅडमियम आणि शिसं सगळ्यात जास्त. जर्मनीत ही राख हेसेन प्रांतातल्या हेर्फा-नॉयरोडे नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली खोल पुरतात. आपल्याकडेही घातक कचऱ्यासाठी नागपूरजवळच्या बुटीबोरीला बंदिस्त भरावाची जागा आहे, तिथे न्यायला हवी. नेण्याचं भाडं, तिथलं शुल्क, पावत्या हे कुणाच्या अंदाजपत्रकात आहे? आमच्या पत्रकात राखेबद्दल एकच ओळ आहे: "बांधकाम व शेतीसाठी उपयुक्त."

हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं, ते आठवायला दोन दिवस लागले. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या भट्टीची चौदा हजार टन राख घेऊन 'खिआन सी' नावाचं जहाज निघालं. एकेक देश त्याला बंदरात घ्यायला नकार देत गेला. १९८८ च्या सुरुवातीला हैतीमधल्या गोनाईव्हच्या किनाऱ्यावर त्यातली सुमारे चार हजार टन राख उतरवली गेली. कागदावर माल काय लिहिला होता? खत. उरलेली राख पुढे समुद्रात गेली, जहाजाचं नाव बदललं गेलं, आणि हैतीची राख उचलायला २००० साल उजाडलं. गरीब देश होता, म्हणून असं झालं, असं वाटेल. मग इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचं घ्या. तिथल्या बायकर भट्टीची राख १९९४ ते १९९९ या काळात भाजीचे मळे आणि पायवाटा बांधायला वापरली गेली. उडती आणि जाड राख एकत्रच. तपासणीत तीत धातू आणि डायऑक्सिन भरपूर निघाले, आणि त्या मळ्यांतल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका, असं लोकांना सांगावं लागलं. साहेबाच्या देशात, सगळे कायदे असताना. आणि आमच्याकडे "एक नंबर खत आहे काका".

आपल्याकडे हा धोका जास्त आहे, कारण राखेवर आपला विश्वास आहे. भांडी राखेनं घासली, दात राखेनं घासले, वांग्यावर मावा पडला की आजी चुलीची राख शिंपडायची. लाकडाच्या राखेत पालाश असतं, ती शेताला चालते. शब्द एकच असल्यानं म्हाताऱ्याला वाटलं, ही पण तीच. आमच्या काळ्या मातीची बाजूही मांडली पाहिजे: ती चिकण आहे, अल्कधर्मी आहे, धातूला धरून ठेवते, लगेच विहिरीत उतरू देत नाही. कुणी शेतीतज्ज्ञ हा मुद्दा काढेल आणि तो बरोबर असेल. पण धरून ठेवणं म्हणजे साठवणंही. शेत दरवर्षी तेच, राख दरवर्षी नवी. आणि पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात तर बऱ्याच ठिकाणी ही काळी मातीही नाही. भंडारा-गोंदियाकडे भाताची शेती आणि मालगुजारी तलाव. कॅडमियमची भाताशी असलेली सलगी जपानच्या जिन्झू नदीकाठच्या लोकांनी हाडं मोडून घेऊन जगाला शिकवली. त्या दुखण्याचं नावच 'इताई-इताई', म्हणजे "दुखतंय, दुखतंय". तिथला कॅडमियम खाणीतून आला होता, भट्टीतून नव्हे, हे खरं. पण भाताच्या रोपाला तो कुठून आला ते कळत नाही. आणि तलावाच्या गाळात उतरलेला पारा जिवाणूंच्या हाती लागून मिथाइल पारा, म्हणजे त्याचं आणखी विषारी रूप, होतो आणि माशात साठतो. त्या तलावांतली मासोळी ढीवर पकडतात आणि सगळे खातात.

तिसरा आक्षेप चंद्रपूरकडून येतो. तिथले मित्र म्हणतात, आमच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. कोळशातून जेवढा पारा निघतो त्यापुढे तुमची भट्टी म्हणजे चिलीम. मान्य. देशात पाऱ्याच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा कोळशाचाच आहे. पण या दोन पाऱ्यांत एक फरक आहे. कोळशातला पारा कोळशाच्या अंगात मुरलेला आहे, तो हातानं वेचून काढता येत नाही. कचऱ्यातला पारा थर्मामीटरमध्ये, ट्यूबलाइटमध्ये, बटणसेलमध्ये बसलेला आहे. तो उचलून बाजूला ठेवता येतो. जे सहज टाळता येतं ते, दुसरं मोठं आहे म्हणून, करायचंच नाही, हा कुठला न्याय?

त्याच चंद्रपूर जिल्ह्यातून चौथा मार्ग सुचवला जातो: कोरपना-राजुऱ्याच्या सिमेंट भट्ट्या. सुका कचरा तिथे इंधन म्हणून द्या. मला हा मार्ग गावातल्या छोट्या भट्टीपेक्षा बरा वाटतो. चौदाशे अंशांच्या वर क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचे खडे, बनतं तेव्हा क्रोमियम, निकेल आणि शिशाचाही मोठा भाग त्यात बांधला जातो आणि वेगळी राख उरतच नाही. पण पारा क्लिंकरमध्ये थांबत नाही, तो धुळीबरोबर फिरतो आणि अखेर चिमणीनं जातो. म्हणजे तिथे पाठवायचा असला तरी सेल, बल्ब, थर्मामीटर आधी काढावेच लागतात. कुठल्याही वाटेनं जा, याच नाक्यावर येता.

आता आमच्या, म्हणजे भट्टीवर हरकत घेणाऱ्यांच्या, बाजूबद्दल दोन शब्द कडक बोलतो. "कॅन्सर, कॅन्सर" ओरडून आपण समोरच्याला सोपी सुटका देतो. तो दहा वर्षांनी येणाऱ्या रोगाचा पुरावा मागतो, आपल्याकडे तो नसतो, वाद संपतो. शिशाला कॅन्सरची गरजच नाही. ते लहान मुलाच्या मेंदूची वाढ खुंटवतं आणि त्यासाठी फार थोडं पुरतं. आपण भीती मागितली, कागद मागितला नाही. गाळणी कुठली, कोळसा किती, राखेची पावती कुठली, हे प्रश्न विचारले असते तर तो माणूस पाच मिनिटांत घामाघूम झाला असता. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, तेव्हाही चर्चा काय झाली? मास्क का घातला नाही, हातमोजे का नव्हते. ऑक्टोबरच्या उन्हात, छातीपर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत. विष बाजारात कसं आलं, हा प्रश्न मागे पडला आणि नाकावरच्या फडक्यावर वाद रंगला. चिमणीवरचा वाद हा तसाच फडक्यावरचा वाद आहे.

पेट्रोलमधल्या शिशाच्या बाबतीत मात्र आपण शहाणपणा केला. प्रत्येक स्कूटरच्या सायलेन्सरला शिशाची गाळणी बसवायची कल्पना कुणी मांडली नाही. २००० साली देशभर पेट्रोलमधूनच शिसं काढलं आणि कोट्यवधी सायलेन्सर एका फटक्यात सुधारले. घरगुती रंगांतल्या शिशावरही २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा आली. वाटेत कुठेही न पकडता, निघतो तिथेच धातू थांबवायचा, हे आपल्याला करून माहीत आहे.

यावर हमखास उत्तर येतं: लोक कचरा वेगळा करत नाहीत. नाहीच करत. आमच्या घरीही दोन डब्यांचा आग्रह तीन आठवडे टिकला. पण धातूंसाठी सगळा कचरा वेगळा करायची गरज नाही. घरगुती कचऱ्यातला पारा, कॅडमियम, शिसं मूठभर वस्तूंत एकवटलेलं असतं: सेल, ट्यूब आणि सीएफएल, थर्मामीटर, जुन्या वायरी आणि सर्किटं, जुन्या रंगाचे डबे. एवढ्या बाहेर काढल्या की उरलेल्या कचऱ्यातलं धातूंचं ओझं खूप हलकं होतं. यातल्या काही वस्तू आजही कुणाच्या आदेशाशिवाय निघतात. फवारणीच्या बॅटरी पंपातली शिशाची बॅटरी आमच्या ढिगावर मी कधी पाहिली नाही. का? कबाडी तिला किलोवर भाव देतो. तांब्याची वायरही तो सोडत नाही. मात्र वरचं पीव्हीसी तो तिथेच जाळून तांबं काढतो, तो वेगळा ताप. ज्याला भाव आहे ते ढिगावर येत नाही, आणि टॉर्चच्या सेलला भाव नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण निधीत साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. त्यातून भट्ट्या घ्यायला ठराव झाले. मेलेले सेल किलोवर विकत घ्यायचा ठराव मी अजून पाहिलेला नाही.

बैठकीनंतरच्या रविवारी ढिगावर गेलो होतो. तिथे एक बाई रोज वेचते, साठीची असेल, ढिगाच्या कडेला निवडुंगाला तिनं तीन झोले टांगलेले असतात. एकात बाटल्या, एकात लोखंड. तिसऱ्यात काय, विचारलं तर तिनं तो उघडून दाखवला: सेल, गंजलेले, काही फुटून काळं पाणी आलेले, बोटभर लांबीचे आणि बटणांएवढे, असतील दोन-अडीच किलो. कबाडी घेत नाही, हे तिला माहीत आहे. मग कशाला वेचते? "जळले की फट्टकन उडते न गुरुजी," ती म्हणाली. "मांगच्या साली पायाले लागला." गेल्या पावसाळ्यापासून ती ते वेगळे काढते आणि झोला भरला की नगरपंचायतीच्या गेटवर नेते. तिथला शिपाई तो घंटागाडीत टाकतो. घंटागाडी संध्याकाळी ढिगावर येते. तिनं मला विचारलं, आता हा झोला कुणाकडे देऊ?

मी तो घरी आणला आहे. मागच्या पडवीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असा, खिळ्याला टांगला आहे. नगरपंचायतीला अर्ज केला, त्याची पोच मिळाली. पोचेवर विषय लिहिला आहे, "भट्टीबाबत हरकत".